मजुरी सूर्य मावळण्याआधी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सध्या आम्हा ख्रिस्ती लोकांत चालू आहे. या दिवसांत कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा, कोणी रात्रीचे जेवण, आणि अलीकडे काही तरुण मुले मोबाइलवरचे व्हिडिओ सोडतात, ज्याचे मला कौतुकच वाटते. वर्तमानपत्रांत आमच्याविषयी जे छापून येते ते बहुधा नाताळच्या रोषणाईपुरते आणि गुड फ्रायडेच्या मिरवणुकीपुरते असते, त्यामुळे आमच्या शास्त्रात रोजच्या व्यवहाराविषयी काय सांगितले आहे हे इतर वाचकांना ठाऊक नसले तर त्यात त्यांचा दोष नाही. आम्हालाही ते पुष्कळदा आठवत नाही, आणि या पत्राचे कारण तेच आहे. मला लिहायचे आहे ते एका अगदी साध्या गोष्टीविषयी, म्हणजे आपल्याकडे राबणाऱ्या माणसाची मजुरी त्याला केव्हा द्यायची याविषयी.

जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातील, लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आज्ञा आहे, की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नये. चोरी करू नका, खोटे बोलू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, अशा आज्ञांच्या रांगेतच ही आज्ञा बसवलेली आहे. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे आम्ही भिंतीवर चौकटीत लावतो ते वचनही त्याच अध्यायात, पाच ओळींनंतर, येते. अनुवाद या पुस्तकाचा 24 वा अध्याय याच्याही पुढे जातो. मजूर तुझ्या भाऊबंदांतला असो की तुझ्या गावात राहणारा परका असो, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीकडे लागलेला असतो, असे तिथे म्हटले आहे. मूळ हिब्रू शब्दांचा रोख ‘तो आपला जीव तिकडे उचलून धरतो’ असा आहे. कायद्याच्या भाषेत सहसा न सापडणारे हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण उशिरा दिलेली मजुरी आणि न दिलेली मजुरी यांत मालकाला फरक दिसत असला, तरी संध्याकाळी किराणा दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला तो दिसत नाही, हे तो नियम लिहिणाऱ्याला नेमके कळलेले होते.

हे मी दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही, कारण या बाबतीत माझेच पाय मातीचे आहेत. काही वर्षांपूर्वी घराच्या मागच्या भिंतीचे प्लास्टर नव्याने करून घेतले. एक गवंडी होता आणि त्याच्या हाताखाली माल कालवायला व घमेली उचलायला एक बिगारी बाई होती. काम संपले तेव्हा एका कोपऱ्यात प्लास्टर फुगल्यासारखे दिसले, म्हणून मी शेवटच्या तीन दिवसांचे दोघांचेही पैसे अडकवून ठेवले आणि ‘कोपरा नीट कर, मग हिशेब करू’ असे सांगितले. गवंड्याला दुसरीकडे काम लागले होते. तो आज येतो, उद्या येतो करीत राहिला आणि मीही हट्टाने गप्प बसलो. जवळजवळ तीन आठवड्यांनी, एका रविवारी, मी बायबल काखेत धरून उपासनेला निघालो असताना ती बाई फाटकापाशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, ‘मास्तर, कोपरा माझ्या हातचा नव्हता.’ मी घड्याळाकडे पाहिले आणि तिला उपासना झाल्यावर ये म्हणून सांगितले. दोन तासांनी परत आलो, तर ती गेलेलीच नव्हती. पायरीवर बसून होती. तिचे रोज साडेचारशे रुपयांप्रमाणे तीन दिवसांचे 1,350 रुपये मी तेव्हा दिले. ज्या वचनाचा वर उल्लेख केला, ते मी स्वतः शब्बाथ शाळेत मुलांकडून पाठ करून घेतलेले होते.

घर बांधणाऱ्याविषयी यिर्मया संदेष्ट्याने जे लिहून ठेवले आहे ते मी नंतर पुन्हा काढून वाचले. यहोयाकीम राजा प्रशस्त घर बांधीत होता. हवेशीर माड्या, मोठाल्या खिडक्या, गंधसरूच्या सुगंधी लाकडाची तक्तपोशी आणि वर हिंगुळाचा रंग. जो अन्यायाने घर बांधतो, शेजाऱ्याला फुकट राबवतो आणि त्याची मजुरी देत नाही, त्याला यिर्मया ‘धिक्कार’ म्हणतो आणि राजाला विचारतो, की गंधसरूत दुसऱ्यांवर ताण केलीस म्हणून तू राजा ठरतोस काय? तुझा बापही खात-पीत होताच, पण त्याने न्यायाने राज्य केले, दीनदुबळ्यांचा कैवार घेतला; मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय, असे परमेश्वर म्हणतो. देवाला ओळखणे म्हणजे काय, या प्रश्नाला संपूर्ण जुन्या करारात इतके थेट उत्तर थोड्याच ठिकाणी आहे, आणि ते उत्तर मंदिरात नव्हे, चालू बांधकामावर उभे राहून दिलेले आहे. आमच्याकडे हा भाग वाचला जातो तो इस्राएलाच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून. आपल्या नव्या फ्लॅटचे फर्निचर करणाऱ्या सुताराशी त्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

नव्या करारातील द्राक्षमळ्याच्या दाखल्याचेही असेच झाले आहे. मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला हा दाखला नाशिक जिल्ह्यातील बागाईतदाराला किंवा तिथे खुडणीला जाणाऱ्या बायकांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. मळ्याचा धनी पहाटेच मजूर आणायला निघतो आणि आपल्याकडच्या मराठी भाषांतराप्रमाणे ‘रोजचा रुपया’ ठरवून त्यांना कामाला लावतो. मग तो सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजताही बाजारात जातो. तेव्हाही काही माणसे उभीच असतात. दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, असे त्याने विचारल्यावर ती म्हणतात, ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही म्हणून.’ कोणत्याही शहरातला मजूर अड्डा ज्याने सकाळी पाहिला आहे त्याला हे उत्तर ओळखीचे वाटेल. आधी धडधाकट तरुण उचलले जातात, मग ओळखीचे, मग जोडीने काम करणारे. दहा-साडेदहानंतर जे उरतात ते बहुतेक वयस्कर, आजारातून उठलेले, किंवा लहान मूल बरोबर असलेल्या बाया. संध्याकाळी धनी कारभाऱ्याला सांगतो, की मजुरांना बोलाव आणि शेवटच्यांपासून सुरुवात करून पहिल्यांपर्यंत सर्वांना मजुरी दे. आणि तासभर राबलेल्यालाही पुरा रुपया मिळतो.

या दाखल्यावर मी आयुष्यात अनेक प्रवचने ऐकली आहेत आणि त्यांतील बहुतेकांत तो रुपया म्हणजे तारण (पापातून मिळणारी सुटका), आणि पाच वाजता आलेले म्हणजे उतारवयात विश्वास ठेवणारे, असा अर्थ सांगितला गेला. मी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही आणि तो अर्थ चुकीचा आहे असे म्हणण्याचे मला कारणही नाही. परंतु येशूने हा दाखला सांगितला तेव्हा ऐकणाऱ्यांना आधी समोरचा मळा, बाजारातली माणसे आणि मावळता सूर्य दिसला असेल, मग स्वर्गाचे राज्य. त्या काळी रोजच्या मजुरीचा एक रुपया म्हणजे घरच्यांचे एका दिवसाचे पोट. अर्धा रुपया मिळणे म्हणजे अर्धे उपाशी राहणे. शिवाय, धनी कितीही उदार असला तरी त्याने सूर्यास्ताचा नियम मोडला नाही, मजुरी दुसऱ्या दिवसावर ढकलली नाही, ही गोष्ट दाखल्यात इतकी सहज येऊन जाते, की आपले तिकडे लक्षच जात नाही. ज्याला स्वर्गीय अर्थ सांगायचा आहे त्याने तो खुशाल सांगावा, पण त्या घाईत मजुरांना अंगणात उभे ठेवू नये.

आता उपवासाविषयी. यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात, की आम्ही उपास करतो तरी तू पाहत का नाहीस? त्यावर उत्तर येते, की उपासाच्याच दिवशी तुम्ही आपला धंदा साधता आणि आपल्या मजुरांना राबवून घेता. हा उतारा उपवासकाळात आवर्जून वाचला जातो. तो वाचला जात असताना आमच्यापैकी कित्येकांच्या घरी धुणे-भांडी करणारी बाई घाईघाईने काम उरकत असते, कारण रविवारी बाईसाहेबांना नवाच्या उपासनेला वेळेवर पोहोचायचे असते. दहा आज्ञांपैकी शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ज्या कारणासाठी दिली आहे ते कारण असे आहे, की तुझ्याप्रमाणे तुझ्या दासालाही व दासीलाही विसावा मिळावा, आणि तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास याची तुला आठवण राहावी. आमच्या विसाव्याचा दिवस दुसऱ्याच्या सर्वांत धावपळीच्या दिवसावर उभा असेल, तर तो विसावा कोणाचा? नाताळात तर केक, करंज्या आणि पाहुणे यांच्या गडबडीत त्या बाईचे काम दुप्पट होते; तिला फराळाचा डबा प्रेमाने दिला जातो हे खरे, पण पगाराच्या वेळी डिसेंबरातले दोन खाडे मात्र बिनचूक मोजले जातात.

मिसर देशातल्या दास्याचा उल्लेख मी सहज केला नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम आमच्या अहिल्यानगरात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात, 1831 साली सुरू झाले आणि पुढच्या काळात या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचे समूह, उभ्या राहिल्या त्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. माझे पणजोबाही त्यांतलेच. गावकीची कामे, सांगावा घेऊन दहा-दहा कोस पायी जाणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, आणि त्या बदल्यात खळ्यावर मिळेल ते बलुते व दारोदार मागितलेली शिळी भाकरी, असे ते जिणे होते. मजुरी किती, हे विचारण्याची सोय नव्हती, मग केव्हा हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. बायबल हातात पडल्यावर अशा माणसांना त्यात काय दिसले असेल? मला वाटते, त्यांना स्वर्ग तर दिसलाच, पण मजुराची हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, हे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले वाक्यही दिसले असेल. शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोब तिथे श्रीमंतांना म्हणतो. मजूर नव्हे, मजुरीच ओरडते. त्या पणजोबांची चौथी पिढी पक्क्या घरात राहते, मुले पुण्यात आणि परदेशात नोकरी करतात, आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या बाईला आम्ही ‘नंतर ये’ म्हणतो.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले ते साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावे म्हणून. 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या थोडे आधी ते काम पुरे झाले. दौंड तालुक्यातील केडगावच्या (आमच्या नगरजवळच्या केडगावच्या नव्हे) मुक्ती मिशनच्या छापखान्यात दुष्काळातून, वैधव्यातून आणि उपासमारीतून वाचलेल्या स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. म्हणजे ‘मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नको’ ही ओळही अशाच कोणा बाईने एकेक अक्षर उचलून जुळवली असणार. ती जुळवताना तिच्या मनात काय आले असेल, हा विचार मला अनेकदा येतो.

या विषयावर बोलायला लागले की काही ठरावीक उत्तरे मिळतात. पैसे लगेच दिले की ही माणसे दुसऱ्या दिवशी कामावर येत नाहीत. उचल दिली की पळून जातात. नवरा दारूत उडवतो. यांतले काहीच खरे नसते असे मी म्हणणार नाही. परंतु पुढच्या कामाची हमी म्हणून मागच्या कामाचे पैसे अडकवून ठेवणे हे लाबानाचे तंत्र आहे, ज्याने जावयाची मजुरी दहादा बदलली अशी तक्रार त्या जावयाने, म्हणजे जुन्या करारातल्या याकोबाने (वरच्या पत्राचा लेखक याकोब वेगळा), उत्पत्तीच्या 31 व्या अध्यायात केली आहे. नवरा पिणारा असेल, तर पैसे बाईच्या हाती जातील अशी व्यवस्था करणे हे आपले काम आहे. फोनवरून पैसे पाठवणे सोपे झाल्यापासून ‘सुट्टे नाहीत’ ही सबब संपली हे चांगलेच झाले, मात्र तो फोन पुष्कळदा नवऱ्याच्याच खिशात असतो, म्हणून रोख हवे की खात्यावर हे तिलाच विचारावे. आणखी एक उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिले जाते, की ‘ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये’ असे नव्या करारातील पत्रलेखक पौलानेच म्हटले आहे. म्हटले आहे खरे, थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात. पण ते मंडळीतल्याच आयतोबांना उद्देशून, आणि आपण कोणावर भार होऊ नये म्हणून रात्रंदिवस कष्ट केले हे आधी सांगून. तंबू शिवून पोट भरणाऱ्या माणसाचे वाक्य, ज्याने आयुष्यात घमेले उचललेले नाही अशा माणसाने घमेले उचलणाऱ्याला ऐकवावे, हे काही बरे दिसत नाही.

त्याच पौलाने तीमथ्याला लिहिताना दोन वचने शेजारी ठेवली आहेत: मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, आणि कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे. तिथे संदर्भ मंडळीत उपदेश व शिक्षण देणाऱ्या वडिलांचा, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांचा, आहे, त्यामुळे पाळकांच्या मानधनाचा विषय निघाला की वार्षिक सभेत ही वचने हटकून उद्धृत होतात. आवार झाडणाऱ्या माणसाच्या, रात्रपाळीच्या रखवालदाराच्या किंवा संस्थेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींच्या पगाराच्या वेळी ती का आठवत नाहीत, हे मला उमगलेले नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश (देवासाठी काढलेला दहावा हिस्सा) मोजून देता, पण न्याय, दया आणि विश्वास या नियमशास्त्रातल्या भारी गोष्टी सोडून देता, असे येशूने परूशी नावाच्या कर्मठ पंथाच्या लोकांना सुनावले तेव्हा दशमांश देऊ नका असे तो म्हणाला नाही. तेही करायचे होते आणि हेही सोडायचे नव्हते, असे म्हणाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी दशमांशाचे पाकीट वेळेवर भरणाऱ्या घरांत कामवालीचा पगार दहा-बारा तारखेपर्यंत लांबत असेल, तर त्या पाकिटात कोणाचे पैसे आहेत हे एकदा तपासून पाहायला हवे.

देशाचा कायदाही या बाबतीत आता बायबलपासून फार दूर नाही. संसदेने 2019 साली संमत केलेल्या वेतन संहितेत रोजंदारीची मजुरी पाळी संपताच, आणि मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी 2008 सालीच कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु घराच्या उंबऱ्याच्या आत एका बाईचा पगार चार दिवस उशिरा झाला म्हणून कोणी निरीक्षक दार ठोठावत नाही, आणि चार दिवसांसाठी ती बाईही तक्रार करायला जाणार नाही, कारण तसे केल्यास कामच जाईल. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात धन्यांना जे सांगितले आहे, की तुमच्या दासांशी न्यायाने व समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे हे लक्षात ठेवा, ते याच उंबऱ्याच्या आतल्या जागेसाठी आहे, असे मी समजतो. माझे एक मुस्लिम स्नेही, जे शाळेत माझे सहकारी होते, त्यांनी हे ऐकल्यावर त्यांच्याकडची शिकवण सांगितली, की मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी. घाम आधी वाळतो की सूर्य आधी मावळतो, यावर आमचा थोडा विनोद झाला; त्यांचा नियम अधिक कडक आहे हे मला मान्य करावे लागले.

आपल्या वर्तमानपत्रामार्फत माझी शहरातील सर्व मंडळ्यांच्या पंचकमिट्यांना एक विनंती आहे. या उपवासकाळात आपापल्या संस्थेतील आणि आवारातील कोणाची किती रक्कम किती दिवसांची थकली आहे याची यादी काढावी आणि ईस्टरच्या रोषणाईची वर्गणी जमवण्याआधी ती चुकती करावी. घराघरांतला हिशेब ज्याचा त्याने करावा. उंबराच्या झाडावरून खाली उतरलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन असे सांगितले. तेवढी छाती नसलेल्यांसाठी गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सोपा हिशेब आहे, की मुद्दल परत करावे आणि त्यावर पाचवा हिस्सा घालावा.

माझ्या बाबतीत तो पाचवा हिस्सा 270 रुपये होतो. त्या रविवारी मी त्या बाईला फक्त मुद्दल दिले होते. हे वचन माझ्या ध्यानात आले तेव्हा ती कोणत्या साइटवर आहे हे गवंड्यालाही ठाऊक नव्हते. ज्याचे देणे आहे तो किंवा त्याचा जवळचा नातलग सापडत नसेल तरच ती रक्कम परमेश्वराला, म्हणजे याजकाच्या (पुरोहिताच्या) हाती द्यावी, असे त्याच ठिकाणी लिहिलेले आहे. म्हणून मी ते पैसे अजून दानपेटीत टाकलेले नाहीत. सकाळी फिरायला जाताना अड्ड्यावर तिची चौकशी करीत असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
अहिल्यानगर